गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत असावी का? चौदा लाख पगार आणि पाचगावचा फ्लॅट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला आहात, वर्षाचा पगार १४ लाख. पाचगावात फ्लॅट घेतलाय, त्यासाठी ३० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. ऑफिसनं नव्या करप्रणालीप्रमाणे (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) टीडीएस, म्हणजे पगारातूनच जाणारा कर, कापला आणि घराच्या व्याजाची वजावट धरली नाही. माणूस आयुष्यात एकदा घर घेतो, त्याच्या व्याजावरही सवलत मिळू नये हा अन्याय आहे, असं तुम्हाला वाटतं. आणि तुमच्या मेहुण्यांचं वाक्य तुम्हीच लिहिलंय : "मग भाड्यानं राहणाऱ्यानं काय पाप केलंय?"

मी बावीस वर्षं शाहूपुरीत करसल्लागार म्हणून बसतो. उद्यमनगरातले कारखानदार, गुजरीतले व्यापारी, शाळांमधले शिक्षक, बँकेतले निवृत्त लोक अशांची रिटर्नं माझ्या हातून जातात. सुरुवातीची दहा वर्षं मीही तुमच्यासारखाच विचार करायचो. आज मला तुमचे मेहुणे जास्त बरोबर वाटतात. पण तुमच्या तक्रारीत एक गोष्ट अगदी खरी आहे, तिच्याकडेही येतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. एक, तुमचं या वर्षी पैशाचं नुकसान झालं का? दुसरा, घरात स्वतः राहणाऱ्या माणसाला कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळावी का? पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं, म्हणून ते आधी.

तुमचा हप्ता २६,०३५ रुपये बसतो. पहिल्या वर्षात भरलेल्या तीन लाख बारा हजारांपैकी जवळपास दोन लाख त्रेपन्न हजार व्याजात जातात आणि मुद्दल साठ हजारांच्या आतच फिटतं. जुन्या प्रणालीत त्यातलं दोन लाखांपर्यंतचं व्याज वजा करता येतं. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी हिशेब मांडू. जुन्या प्रणालीत १४ लाखांतून ५० हजारांची प्रमाणित वजावट (पगारदाराला सरसकट मिळणारी), अडीच हजार व्यवसाय कर, दोन लाख व्याज, भविष्य निर्वाह निधी आणि मुद्दल मिळून ८०सी या कलमाचे दीड लाख, शिवाय आरोग्य विम्याचे २५ हजार धरले, तर करपात्र उत्पन्न राहतं ९,७२,५००. त्यावर उपकरासह (करावर लागणारा जादा कर) कर १,११,२८० रुपये. नव्या प्रणालीत फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट. उत्पन्न १३,२५,०००, आणि कर उपकरासह ८१,९०० रुपये.

म्हणजे सगळी सवलत घेऊनसुद्धा जुनी प्रणाली तुम्हाला २९,३८० रुपयांनी महाग पडते. ऑफिसनं नकळत तुमचा फायदाच केलाय.

मग सवलत गेल्याची टोचणी का लागते? कारण जुन्या प्रणालीत व्याजाची वजावट नसती तर तुमचा कर १,७०,८२० झाला असता, आणि व्याजामुळे तो ५९,५४० रुपयांनी उतरला असता. हा साठ हजारांचा आकडा तुम्हाला फ्लॅट घेताना कुणीतरी सांगितलेला असणार. मी स्वतः एका साइट ऑफिसात बघितलंय. कागदावर हप्ता लिहितात छव्वीस हजार, त्यातून महिन्याची करबचत पाच हजार वजा करतात आणि खाली गोल करून लिहितात, "खरा हप्ता २१ हजार." त्या कागदावर जुन्या-नव्या प्रणालीचा उल्लेख नव्हता. लोक तो कागद घडी घालून घरी नेतात आणि त्यावर वीस वर्षांचा संसार आखतात. तुमची खरी तक्रार इथे आहे, आणि ती रास्त आहे. ज्या सवलतीच्या भरवशावर माणूस कर्ज काढतो ती पुढे निरुपयोगी झाली तर त्याला फसल्यासारखं वाटणारच. कायद्यानं ती काढलेली नाही. जुनी प्रणाली निवडायची मुभा अजून आहे, नोकरदाराला दरवर्षी, मुदतीत रिटर्न भरताना. पण निवडून उपयोग होत नसेल तर ती मुभा कागदावरच राहते.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही हे सांगायला हवं. पगार २४ लाख असेल आणि घरभाडे भत्ता, व्याज, ८०सी, विमा मिळून प्रमाणित वजावटीखेरीज आठ लाखांच्या आसपास वजावटी जमत असतील, तर जुनी प्रणाली अजून परवडते. असं कुणाचं होतं? नोकरी पुण्यात, तिथे मोठं भाडं, आणि घराचं कर्ज कोल्हापुरात, अशांचं होतं. माझ्याकडे अशी मोजकी माणसं आहेत. इथेच नोकरी, इथेच स्वतःच्या घरात मुक्काम, असा माणूस बहुतेक वेळा नव्या प्रणालीतच स्वस्तात सुटतो. धंदेवाल्याचा मामला वेगळा. त्याला दरवर्षी इकडून तिकडे उडी मारता येत नाही. एकदा जुन्या प्रणालीत जाऊन नव्यात परत आला की, धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचं दार बंद. तेव्हा उद्यमनगरातल्या मित्राला माझा हा हिशेब जसाच्या तसा देऊ नका.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त जिव्हाळ्याचा आहे.

घराच्या व्याजाच्या वजावटीत दोन वेगळ्या गोष्टी एकाच कलमात बांधलेल्या आहेत. तुम्ही फ्लॅट घेतला आणि भाड्यानं दिला, तर येणाऱ्या भाड्यावर तुम्ही कर भरता. ते भाडं मिळवण्यासाठी लागलेला खर्च म्हणजे कर्जाचं व्याज. दुकानदार मालाचा खर्च वजा करतो, तसंच हे. त्यात सवलत असं काही नाही, तो साधा हिशेब आहे. म्हणून नव्या प्रणालीतही भाड्यानं दिलेल्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं. मात्र तोटा झाला तर तो पगारातून वजा करता येत नाही.

स्वतः राहत असलेल्या घराचं तसं नाही. त्या घरापासून तुम्हाला लाभ मिळतोच, कारण ते नसतं तर महिन्याला दहा-बारा हजार भाडं भरावं लागलं असतं. पण कायदा त्या लाभाचं मूल्य शून्य धरतो, आणि ते योग्यच आहे. राहत्या घराच्या काल्पनिक भाड्यावर कुणी कर लावावा असं मी म्हणणार नाही. मात्र उत्पन्न शून्य धरायचं आणि त्यातून दोन लाख खर्च वजा करून तो 'तोटा' पगारातून काढायचा, याला हिशेबाचा आधार नाही. हे सरकारनं दिलेलं अनुदानच आहे. अनुदान देण्यात गैर काही नाही. फक्त अनुदान म्हटलं की ते कुणाला मिळतं, किती मिळतं, आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचतं का, हे विचारावं लागतं.

कुणाला मिळतं ते बघा. जुन्या प्रणालीत दोन लाख व्याज वजा केल्यावर ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ६२,४०० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ४१,६००. ज्याचं करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत आहे त्याला कर तसाही शून्य, म्हणून त्याचा फायदाही शून्य. घर तेवढंच, व्याज तेवढंच, बँकही तीच. ज्याची मिळकत जास्त त्याला सरकारची मदत जास्त. माझ्या टेबलासमोर एकाच आठवड्यात एक डॉक्टर आणि एक शाळेचे शिपाईमामा बसले होते, दोघांचीही घराची कर्जं चालू. डॉक्टरांना साठ-बासष्ट हजारांचा परतावा गेला. मामांच्या व्याजाच्या दाखल्याकडे बघून मला सांगावं लागलं, "मामा, याचा तुम्हाला उपयोग नाही." त्यांनी तो दाखला मिळवायला बँकेत दोन खेटे घातले होते. मला ते अजून आठवतं.

कोल्हापूर जिल्ह्यात तर आणखी एक मोठा वर्ग या सवलतीच्या बाहेरच आहे, तो म्हणजे शेतकरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त. शिरोळ-करवीरमधला ऊसवाला बँकेकडून कर्ज काढून घर बांधतो, उसाचं बिल आलं की हप्ते भरतो, पण ज्याच्यावर आयकरच नाही त्याला आयकरातली वजावट काय कामाची? पतसंस्थेचं कर्ज काढून घर बांधणारे तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण चुकीची माहिती फार फिरते. कर्ज घरासाठीच वापरलं याचे कागद असतील तर पतसंस्थेच्या, अगदी नातेवाइकाच्या कर्जाचंही व्याज जुन्या प्रणालीत वजा होतं. मुद्दलाची ८०सी ची वजावट मात्र कायद्यानं ठरवलेल्या संस्थांच्या कर्जालाच मिळते, आणि साधी पतसंस्था बहुधा त्या यादीत बसत नाही.

आता तुमच्या मेहुण्यांनी ज्याचं नाव काढलं तो भाडेकरू. ज्याला पगारात घरभाडे भत्ता मिळतो त्याला जुन्या प्रणालीत भाड्यावर सवलत आहे. पण ज्याला भत्ता नाही, म्हणजे छोट्या दुकानात काम करणारा, स्वतःचा शिलाईचा धंदा असणारी बाई, खानावळ चालवणारी ताई, त्यांना ८०जीजी या कलमाखाली जास्तीत जास्त महिना पाच हजार, वर्षाला साठ हजार वजा करता येतात. तेही जुन्या प्रणालीत आणि इतर अटी पाळून. कर्ज काढून स्वतःचं घर घेतलेल्याला मात्र व्याजाचे दोन लाख आणि वर मुद्दलही. राजारामपुरीत पंधरा वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माझ्या एका अशील ताई हे ऐकून म्हणाल्या होत्या, "ज्याचं घर झालं त्याला सरकार हात देतंय, ज्याचं व्हायचंय त्याला नाही." त्यांना उलट उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सवलतीमुळे निदान लोकांना घर घेणं सोपं होतं. मीही असं मानायचो. पण त्या साइट ऑफिसातला कागद परत डोळ्यासमोर आणा. महिन्याला पाच हजार वाचणार हे गिऱ्हाइकाला माहीत असेल तर तो तेवढा जास्त हप्ता भरायला तयार होतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पाच हजारांच्या हप्त्यात जवळपास पावणेसहा लाखांचं कर्ज बसतं. विकणाऱ्यालाही हे गणित येतं. जिथे जागा मुबलक आहे तिथे स्पर्धा भाव वाढू देणार नाही. आपल्याकडे जागा मुबलक कुठे आहे? एका बाजूला पंचगंगेची पूररेषा, आत जुन्या पेठांची दाट वस्ती, आणि १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचा प्रश्न लोंबकळतोय. म्हणून तर तुम्ही पाचगावात घेतलंत, कुणी मोरेवाडीत, कुणी उचगावात. अशा बाजारात खरेदीदाराच्या हातात दिलेल्या सवलतीचा काही वाटा भावातून विकणाऱ्याच्या खिशात जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. किती वाटा जातो, ते जागेवर आणि वेळेवर अवलंबून.

या सवलतीचा एक चांगला परिणाम मात्र मी स्वतः बघितलाय, तो नाकारणं बरोबर होणार नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात खरेदीखतावर निम्मी रक्कम आणि उरलेली पिशवीतून, हा सर्रास रिवाज होता. कर्ज मोठं हवं तर खरेदीखतावरची रक्कम मोठी लागते, व्याजाची वजावट हवी तर कर्ज आणि मालकी दोन्ही कागदावर लागतात. पगारदार माणूस या कारणानं पांढऱ्यात व्यवहार करायला लागला आणि विकणाऱ्यालाही तसं करायला लावू लागला. २०१४ च्या अर्थसंकल्पात मर्यादा दीड लाखावरून दोन लाख झाली तेव्हा माझ्याकडे "रक्कम पूर्ण दाखवू का?" असं विचारणारे लोक वाढले. हा लाभ खरा होता.

गैरफायदाही तितकाच खरा होता. २०१७ च्या आधी भाड्यानं दिलेल्या घराच्या तोट्याला मर्यादा नव्हती. मोठ्या मिळकतीची माणसं दुसरं-तिसरं घर मोठ्या कर्जावर घ्यायची, नाममात्र भाडं दाखवायची आणि पाच-सहा लाखांचा तोटा धंद्याच्या नफ्यातून वजा करायची. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पानं इतर उत्पन्नातून वजा होणारा तोटा दोन लाखांवर आणला. त्या वेळी माझे दोन अशील माझ्यावरच नाराज झाले. मला मात्र तो निर्णय पटला होता.

आणि ज्याला मिळायला हवं त्यालाच ते अडकतं, याचं एक उदाहरण सांगतो. फुलेवाडीकडचे एक गृहस्थ. डिसेंबर २०१५ मध्ये कर्ज मंजूर झालं, स्वतःच्या प्लॉटवर स्वतः बांधकाम. आपल्याकडे माणूस घर कसं बांधतो तुम्हाला माहीत आहे. जोता झाला की थांबायचं, पैसे जमले की स्लॅब, मुलीचं लग्न आलं की परत थांबायचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचं सिमेंट आणि सळी वाया गेली, भिंती आठवडाभर पाण्यात राहिल्या. पुढच्या वर्षी टाळेबंदी. घर पूर्ण झालं जुलै २०२१ मध्ये. कायदा म्हणतो, ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं. म्हणजे ३१ मार्च २०२१. चार महिने उशीर झाला आणि त्यांची मर्यादा दोन लाखांवरून तीस हजारांवर आली, कर्ज फिटेपर्यंत कायमची. पुराचा पंचनामा त्यांच्याकडे होता. कायद्यात त्यासाठी जागा नव्हती.

दुसरी अडचण तर घराघरात आहे. जागा वडिलांच्या नावावर, प्रॉपर्टी कार्डाला वडील, आणि कर्ज मुलाच्या पगारावर. बँक वडिलांना सहकर्जदार करून घेते, हप्ते मुलगा भरतो, आणि मार्चमध्ये माझ्याकडे येऊन म्हणतो, "काका, व्याज वजा करा." वजावट मालकाला असते. मुलगा मालक नाही, वडिलांना करपात्र उत्पन्न नाही, सवलत दोघांनाही नाही. बांधकामाची मालकी कागदोपत्री मुलाची असल्याचं दाखवता आलं तर मार्ग निघू शकतो, पण वाद ओढवून घ्यायची तयारी लागते. म्हणून ज्यांचं अजून व्हायचंय त्यांना मी सांगतो, कर्जाच्या आधी वकिलाकडे जाऊन नावाचा विषय मिटवा. राहतं घर आईवडिलांनी मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्रानं दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. फक्त बहीण-भावांशी बोलून करा. करापायी घरात भांडण लागलेलं मी बघितलंय आणि ते कुठल्याही सवलतीत भरून येत नाही.

इथवरचं माझं म्हणणं एकत्र करतो, म्हणजे पुढचं नीट लागेल. भाड्याच्या घराचं व्याज हा खर्च आहे, तो वजा झालाच पाहिजे. राहत्या घराचं व्याज वजा करणं हे अनुदान आहे, आणि आजच्या रचनेत ते जास्त मिळकतीकडे जास्त वाहतं, शेतकरी, भाडेकरू आणि कमी पगारवाला यांना चुकवतं, आणि काही प्रमाणात भावातच जिरतं. त्यामुळे नव्या प्रणालीनं ते काढून दर उतरवले हे तत्त्वानं मला मान्य आहे. पहिल्या घरासाठी त्या जागी सगळ्यांना पोचेल असं काही पुरेसं दिलं नाही, हे मला मान्य नाही.

इतर देशांतही हा वाद होऊन गेलाय. ब्रिटनमध्ये ३० हजार पौंडांपर्यंतच्या गृहकर्जाच्या व्याजावर सवलत होती. १९९० च्या दशकात तिचा दर टप्प्याटप्प्यानं उतरवत नेला आणि एप्रिल २००० मध्ये ती बंद केली. लोकांना सावरायला वेळ मिळाला. अमेरिकेनं २०१७ च्या कायद्यात नव्या कर्जांसाठी मर्यादा दहा लाख डॉलरवरून साडेसात लाखांवर आणली आणि सर्वांना मिळणारी प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना व्याजाचा वेगळा हिशेब मांडण्याची गरजच उरली नाही. आपल्याकडची वाट या दुसऱ्या प्रकाराची आहे.

मला विचाराल तर मदत पहिल्या घरालाच मिळावी. ती टक्केवारीत न देता ठरावीक रुपयांत द्यावी, म्हणजे डॉक्टर आणि शिपाईमामा दोघांना सारखी पोचेल. ती पहिल्या पाच-सात वर्षांत मिळावी, कारण हप्त्यात व्याजाचा भार तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. प्रणाली जुनी की नवी याच्याशी तिचा संबंध नसावा. याच्या जवळ जाणारी एक योजना आहेच. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या आठ लाखांना चार टक्के व्याज अनुदान मिळतं. जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. १४ लाख पगारामुळे तुम्ही त्यात बसत नाही, पण तुमच्या मेहुण्यांनी किंवा ओळखीतल्या कुणी घर बघायला सुरुवात केली असेल तर आधी ही चौकशी करायला सांगा.

आणखी एक रस्ता आहे, ज्याची चर्चा कमी होते. घर बांधताना आणि घेतानाच कर कमी करायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा फायदा घ्यायला रिटर्न भरावं लागत नाही. ऊसवाल्यालाही मिळतो, पतसंस्थेच्या कर्जदारालाही मिळतो. स्त्रीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात आपल्या राज्यात एक टक्का सूट आहे. ४५ लाखांच्या घराला ते ४५ हजार होतात, आणि ते पहिल्याच दिवशी वाचतात, जेव्हा माणूस दागिने मोडून पैसे उभे करत असतो. पहिल्या घराला अशीच सूट सरसकट द्यावी, असं मला मनापासून वाटतं. वीस वर्षांच्या व्याजावरच्या वजावटीपेक्षा ती सामान्य माणसाला जास्त कळते आणि जास्त उपयोगी पडते.

आता तुमच्याकडे परत येतो. सवलत नाही हे एकदा स्वीकारलं की तुमचा एक निर्णय बदलायला हवा, आणि याकडे बहुतेक लोकांचं लक्ष जात नाही. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस साडेआठ टक्के व्याज भरायचा आणि सवलत धरून त्याला ते दोन लाखांपर्यंत पावणेसहा-सहा टक्क्यांच्या आसपास पडायचं. म्हणून "कर्ज चालू ठेवा, फेडू नका" असा सल्ला आपल्याकडे रुळला. मीही तो दिलाय. माझ्या एका अशिलानं दहा लाखांची ठेव बँकेत ठेवून तेवढंच गृहकर्ज चालू ठेवलं होतं, का तर सूट जाईल. तेव्हासुद्धा ते रुपयाचं व्याज भरून एकतीस पैसे वाचवत होते. ठेवीच्या व्याजावर कर भरत होते तो वेगळाच. आज तुम्हाला साडेआठ टक्के पूर्णच्या पूर्ण पडतात. तुमच्या टप्प्यात सात टक्क्यांची ठेव कर जाऊन सहा टक्क्यांच्याही किंचित खाली येते. मग जादा पैसा कर्जात भरणं हीच तुमची चांगली गुंतवणूक.

पण आधी सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम हाताशी बाजूला ठेवा, कारखान्यातली नोकरी आहे. आईवडिलांचा आरोग्य विमा बघा. त्यानंतर वर्षातून एक हप्ता जादा, दिवाळीच्या बोनसमधून, मुद्दलात भरा. वीस वर्षांत तुम्ही एकूण जवळपास साडेबत्तीस लाख व्याज भरणार आहात. दरवर्षी एकच हप्ता जादा भरला आणि व्याजदर तोच राहिला, तर कर्ज सव्वातीन वर्षं आधी संपतं आणि व्याजाचे सहा लाखांच्या आसपास वाचतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही. पैसे भरताना "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्या, नाहीतर हप्ता कमी करून देतात आणि व्याजाची बचत निम्मीही होत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा जुने क्रमांक घेऊन कुणी काही सांगितलं तर एकदा ताडून बघा. बँकेचा व्याजाचा दाखला मात्र दरवर्षी न चुकता काढून फाइलला लावत जा, आज वजावट घेत नसलात तरी. उद्या बदली झाली आणि हा फ्लॅट भाड्यानं द्यावा लागला, तर त्याच व्याजाचा खर्च भाड्यातून वजा करायला तो दाखला लागेल.